पाण्याची सुई

सुमन, तू मला मारलंस ते कमी मारलंस. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मला माझीच कीव यायची नाही.

तुला जाऊन बारा दिवस झाले. या बारा दिवसांत आश्रमात तुझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. अध्यक्ष म्हणाले, सुमनबाई म्हणजे शांत स्वभावाची, सेवाभावी बाई. शांत. जिनं लस द्यायला आलेल्यांच्या अंगावर भरलेलं बेडपॅन फेकलं, ती शांत. हार घातलेल्या फोटोसमोर माणूस काहीही बोलतो. मी मागे उभी राहून जिभेनं माझ्या तुटलेल्या दाताची कड चाचपत होते. तो दात तू तोडलास. का तोडलास, ते चार वर्षं आपल्या दोघींशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. परवा ते सगळ्या गावाला कळलं, आणि सांगणारी मीच होते.

दारव्ह्याबाहेरच्या या वृद्धाश्रमात आपण दोघी एकाच महिन्यात लागलो. मी नर्स, तू आया. मी यवतमाळची, बाप कचेरीत कारकून, घरात मोठ्यानं बोलणं म्हणजे गुन्हा. तू नेरच्या रस्त्यावरच्या गावातली, दारात कापसाचा ढीग आणि तोंडात शिव्यांचा. पहिल्याच आठवड्यात मी तुला चादरी कशा बदलायच्या ते समजावून सांगत होते, तर तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "सिस्टर, तुमी बोलून राह्यल्या का कागद वाचून राह्यल्या?" मला असा राग आला की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचललीस, अळणी आहे म्हणून नावं ठेवलीस आणि स्वतःचा ठेचा पुढे सरकवलास. त्या दिवसापासून मी तुला सुमी म्हणायला लागले आणि तू मला एकदम अगंतुगं. जग बघत असलं की 'सिस्टर', दार लोटलं की 'वैशाली'.

मग आबाजी आले. पोस्टातून निवृत्त झालेले, हाडं मोजून घ्यावीत असे. सून जेवणात काहीतरी कालवते असा त्यांचा संशय, आणि तो संशय ते ट्रंकेबरोबर घेऊनच आले होते. तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. चौथ्या दिवशी मी नाकातून नळी घालायची भाषा केली, तेव्हा तू माझ्या हातातलं ताट हिसकावलंस, त्यांच्यासमोर मांडी ठोकलीस, त्यांच्याच भाकरीचा तुकडा वरणात बुडवून खाल्लास आणि तोंड उघडून दाखवलंस.

"पाह्यलं? मेली काय मी? आता खा मुकाट्यानं, नाई तं तुमची भाकर बी मीच खाईन."

आबाजी जेवले. पलीकडच्या खाटेवरून बकुळाआजींनी ते पाहिलं आणि संध्याकाळी त्यांनीही ताट तुझ्यापुढे धरलं. महिनाभरात आपल्या चौदाही म्हाताऱ्यांना तुझा घास आधी लागायला लागला. खोकल्याचं औषध असो की इसबगोल, आधी चमचा तुझ्या ओठाला, मग त्यांच्या. मी उष्ट्याचं, जंतूंचं, रोगराईचं सगळं पुराण तुला सांगून पाहिलं. तुझं एकच उत्तर, "भुकेनं मराच्या परीस उष्ट्यानं मेलेलं बरं." खरं सांगू, मला हेवा वाटायचा. तीन वर्षं शिकून, पांढरा कोट घालून मी जे मिळवू शकले नाही, ते तू भाकरीच्या एका तुकड्यात मिळवलं होतंस.

तेच आपल्याला नडलं.

कोरोनाची लस आली तेव्हा तालुक्याहून निरोप आला, आधी आश्रमात काम करणारे, मग राहणारे. आपण सहा जण कामाला. मी घेऊन मोकळी झाले होते. बाकी पाचांपैकी एकही तयार नाही. स्वयंपाकी गजूनं मोबाईलवर कुठलं तरी चित्र पाहिलं होतं, त्यात सुई घेतलेली माणसं दोन वर्षांत पटापट पडणार होती. वॉचमनला वेगळीच भीती, ती तो बायकांसमोर सांगायला लाजत होता. या दोघांना तर मी आठवडाभरात गुंडाळलं असतं. पण ते तुझ्याकडे बघत होते. म्हातारेही तुझ्याकडेच बघत होते. बकुळाआजी म्हणाल्या, "सुमन घेईन तं मी घेईन." झालं, चौदाही जणांचं तेच. आणि तू काही बोलतच नव्हतीस. कारण विचारलं की उठून फरशी पुसायला लागायचीस.

आरोग्य केंद्राची गाडी पहिल्यांदा आली तो दिवस मी विसरणार नाही. दोन मुली आणि ड्रायव्हर. त्यातली एक अगदी कोवळी, नुकतीच नोकरीला लागलेली. तू बेडपॅन घेऊन न्हाणीकडे निघाली होतीस. ती पोर हसून तुला म्हणाली, "मावशी, घाबरू नका, काही होत नाही." एवढंच. तुझा चेहरा क्षणात काळाठिक्कर पडला आणि हातातलं होतं ते तू फेकलंस. भांडं तिच्या खांद्यावर बसलं, घाण सगळ्या खोक्यावर. ड्रायव्हरनं तुझा हात पिरगळला, तर तू त्याच्या मनगटाला असा चावा घेतलास की रक्त ठिबकायला लागलं. गजू झारा घेऊन धावला, वॉचमननं गाडीच्या काचेवर काठी घातली. म्हातारे खाटांवर बसून ओरडत होते, आणि आबाजी तर "हाण, हाण" म्हणत होते, कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. गाडी गेली तेव्हा अंगणात काचा, मळ आणि त्या पोरीची एक चप्पल पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची चिठ्ठी आली. जो घेणार नाही त्यानं घरी बसावं.

मी तुला गाद्यांच्या खोलीत ओढत नेलं. आठवतंय ना? दाराला पाठ लावून मी तुला वाटेल ते बोलले. अडाणी म्हणाले, रानटी म्हणाले. म्हणाले, तुझ्या एकटीच्या हट्टापायी ही चौदा माणसं तडफडून मरतील. तू म्हणालीस, "मरू दे." आणि मी तुझ्या कानाखाली वाजवली. कारकुनाच्या घरात वाढलेल्या, मोठ्यानं न बोलणाऱ्या मुलीनं. आवाज असा झाला की बाहेर गजूच्या हातून पातेलं पडलं.

तू उलट मारलं नाहीस. गाद्यांच्या ढिगावर बसलीस आणि गाल धरून पुष्पाचं सांगितलंस. तुझी धाकटी बहीण. तिसऱ्या लेकरानंतर तिला ऑपरेशनच्या शिबिराला तूच घेऊन गेली होतीस, कुठल्याशा शाळेत, बाकं एकमेकांना जोडून केलेल्या टेबलावर.

"ते नाई म्हणून राह्यलती वैशाली. भेव वाटते म्हणे अक्का. तिथची नर्स बोल्ली, काही होत नाही, दोन घंट्यात घरी जाशील. मंग मीच तिचे हात धरले. या हातानं धरले. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं. पाचव्या दिवशी गेली. नर्सले इचारलं तं म्हणे, असं हजारात एखादं होते."

तू तुझे दोन्ही हात माझ्यापुढे धरले होतेस, तळवे वर करून.

मी त्या वेळी काय करायला हवं होतं, हे मी गेल्या बारा दिवसांत बाराशे वेळा स्वतःला विचारलं आहे. तुझ्याजवळ बसायला हवं होतं. पुष्पा कशी दिसायची ते विचारायला हवं होतं. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ते वेगळं, हे वेगळं."

"नर्स तं तेच हाय ना," तू म्हणालीस.

मग तोडगा तूच काढलास. आपल्यामुळे म्हातारे घाबरलेत हे तुला कळत होतं, आणि त्यांच्यावर तुझा जीवही होता. "मले पानी टोच," म्हणालीस. "सगळ्याईसमोर टोच. मी दंड दाखवतो बुढ्याईले, ते घेतीन. माही नोकरी बी राहीन. पण आतमंदी पानीच पाह्यजे." मी हो म्हटलं. तू माझ्याकडून शपथ मागितलीस. मी माझ्या लेकीची शपथ घेतली. तू मला जवळ ओढून डोक्यावरून हात फिरवलास, मघाशी तुला थप्पड मारणाऱ्या बाईच्या.

आठ दिवसांनी गाडी पुन्हा आली. या वेळी ओसरीत खुर्ची मांडली, समोर ओळीनं चौदा खाटा. आलेली सिस्टर मोबाईलवर नावं भरत होती. आपल्या लोकांना मी टोचते म्हटल्यावर तिला बरंच वाटलं. ट्रेमध्ये दोन सुया तयार. एकीत सलाईनचं पाणी, ओळखायला तिला मी चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. दुसरीत लस. तू नवीन लुगडं नेसून आलीस, खुर्चीत बसलीस, बाही वर केलीस आणि माझ्याकडे बघून डोळा मारलास.

मी पट्टी लावलेली सुई उचलली. परत ठेवली. दुसरी उचलली.

किती वेळ लागला असेल? तू एक शिवी द्यायला घेशील तेवढाच. आता नीट ऐक, कारण यातच सगळं आहे. म्हाताऱ्यांसाठी पाणी पुरे होतं. त्यांना तुझ्या दंडात सुई जाताना दिसणं पाहिजे होतं, आत काय आहे त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. म्हणजे चौदा जीवांचं नाव मला पुढे करता येत नाही. मी ते तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. चौदा ताटांतला घास चाखणारी बाई, साथ आली तर पहिली तूच जाशील, या भीतीनं माझी झोप उडाली होती, हे खरं आहे. पण दुसरंही खरं आहे. तू मला कधीच जिंकू दिलं नव्हतंस. त्या क्षणी तुझा दंड माझ्या हातात होता आणि मला जिंकायचं होतं.

टोचल्यावर तू उठलीस आणि ओळीतून फिरलीस. आबाजींना दंड दाखवून म्हणालीस, "पाह्यलं? मेली काय मी?" त्या सकाळी चौदाही जणांनी घेतली. गजूनं घेतली, वॉचमननंही डोळे मिटून घेतली. आलेल्या सिस्टरनं माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी तू गाद्यांच्या खोलीत आलीस. डोळे तापानं लाल. आतून कडी लावलीस.

"पान्यानं ताप येते काय वैशाली?"

मी म्हणाले, "सुमी, ऐक—"

तू ऐकलं नाहीस. माझी वेणी मुठीत धरलीस आणि माझं तोंड लोखंडी कपाटाच्या मुठीवर आपटलंस. एकदा, दोनदा. दात तिथेच तुटला. मी खाली पडले तर कपडे धुवायची मोगरी घेऊन पाठीवर, मांड्यांवर, जिथे बसेल तिथे मारलंस. तू एकही शिवी देत नव्हतीस, आणि मला मोगरीपेक्षा त्याचीच भीती वाटली. शिव्या न देणारी सुमन मी पहिल्यांदा बघत होते. मी तोंडातलं रक्त चादरीत थुंकत होते आणि हात वर करत नव्हते. शेवटी तुझाच दम संपला. भिंतीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "पुष्पीचे हात मी धरले. माहा हात तुवा धरला. तुह्यात अन् त्या नर्सीत काय फरक हाय, सांग."

"ती मेली. तू मरणार नाहीस," मी म्हणाले.

"ते तुले कोनं इचारलं?"

बाहेर गजू दार बडवत होता. तू कडी काढलीस आणि त्याला सांगितलंस, सिस्टर स्टुलावरून पडली. मीही तेच सांगितलं. घरी माझ्या नवऱ्यालाही तेच. तुझ्या घरी मात्र तू अजून एक गोष्ट सांगितलीस, जी मला फार उशिरा कळली. मुलाला, प्रफुलला, म्हणालीस की मी सुई घेतली ते सोंग होतं, आत पाणी होतं. खरं सांगितलं असतंस तर तुझ्या घरची चार माणसं येऊन मला आश्रमासकट जाळून गेली असती. पुष्पाच्या वेळी त्यांनी त्या नर्सच्या घराची दारं कुऱ्हाडीनं फोडली होती, हे तूच मला सांगितलं होतंस. मारलंस तूच, आणि वाचवलंसही तूच. याचे आभार मी कुठे मानू?

मग दुसरी लाट आली. तेवीस दिवस तू घरी गेली नाहीस. आपल्याकडे दोन गेले, बारा वाचले. बाहेर सरणाला लाकडं मिळत नव्हती म्हणायचे. तुलाही खोकला झाला, पाच दिवसांत उठलीस. मनात मी म्हणाले, बघ. तोंडानं म्हणायची छाती झाली नाही. तू पडून होतीस तेव्हा मी काढा घेऊन आले, तर तू कूस बदललीस. "गजूले पाठव." त्या दिवशी मला वाटलं, राग आहे, जाईल.

राग गेला, सुमी. हेच तर विचित्र आहे. सहा महिन्यांत तू पुन्हा माझ्या डब्यातली भाजी उचलायला लागलीस, माझ्या लेकीच्या बारावीच्या निकालाला पेढे वाटलेस, माझी सासू गेली तेव्हा माझ्या दारात चार दिवस राबलीस. फक्त औषधाच्या नावानं माझ्या हातून काही घेतलं नाहीस. डोकं दुखलं तर कपाळाला चुना. पाय सुजले तर एरंडाचं पान. मी एकदा जबरीनं तुझा बीपी मोजला, आकडा बघून पुन्हा मोजला. गोळ्या आणून तुझ्यापुढे ठेवल्या. तू त्या मोरीत टाकल्यास आणि शांतपणे म्हणालीस, "तुह्या हातचं नाई वैशाली. भाकर खाईन, गोळी नाई."

"मग दुसऱ्याच्या हातची घे. डॉक्टरकडे जा."

"ते बी तुमच्यातलेच ना."

किती भांडलो आपण यावर. दरवर्षी, दर महिन्याला. मी पाया पडले. मी प्रफुलला सांगते म्हणाले, तर तू म्हणालीस, सांग, मंग सुईचं बी सांग. स्वतःची कातडी वाचवायला मी गप्प बसले, हे कबूल करते.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी ती गोळी खलात कुटून तुझ्या चहात टाकली. साखर जास्त घातली, म्हणजे कडू लागू नये. कप घेऊन दारापर्यंत आले. तू बकुळाआजींची वेणी घालत बसली होतीस, पाठमोरी, काहीतरी गुणगुणत. मी तिथेच उभी राहिले. मग मागे फिरले आणि चहा तुळशीपलीकडे ओतला. रोज एक याप्रमाणे घातली असती तर तू आज कदाचित असतीस. मी तो चहा ओतला हे बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही. रात्रीचं बरोबर वाटतं, सकाळी चूक वाटते.

तू पडलीस तेव्हा हातात बकुळाआजींचं ताट होतं. तोंडाचा एक कोपरा खाली गेला, वरण भिंतीवर उडालं, आणि तू मला काहीतरी सांगत होतीस ते शब्द होईनात. यवतमाळला नेईपर्यंत मी तुझं डोकं मांडीवर धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्त फुटलं, बीपीचं औषध चालू होतं का? मी नाही म्हणाले. का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. दोन दिवसांनी तू गेलीस.

परवा तुझ्या दहाव्याला मी तुझ्या अंगणात होते. माणसं जमली होती. तुझ्या नात्यातला कुणीतरी हातात मोबाईल नाचवत म्हणत होता, कोरोनाच्या सुयांनीच हे होऊन राह्यलं, धडधाकट मानसं पडून राह्यली. प्रफुल उठला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"माह्या मायनं घेतलीच नाई," तो म्हणाला. "पानी होतं त्यात. ते कोनाले भ्यायची नाई. सिस्टर, तुमीच होत्या ना? सांगा यायले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मान हलवायची होती, फक्त एकदा. तू तर माझ्यासाठी ते खोटं चार वर्षं सांभाळलं होतंस. पण मी मान हलवली असती तर ती माणसं काय घेऊन घरी गेली असती? की सुमननं सुई नाकारली म्हणून ती ताठ जगली, आणि औषधावाचूनही माणूस चालतो. त्या अंगणात बीपीची चार माणसं तरी बसली होती.

"पाणी नव्हतं, प्रफुल," मी म्हणाले. "लस होती. मी तिला फसवून दिली. पण ती लसीनं गेली नाही. ती बीपीनं गेली. गोळ्या घेत नव्हती, कारण त्या माझ्या हातच्या होत्या. सुईनं नाही मारलं तिला. मी मारलं."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं जवळची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि माझ्यावर घातली. खुर्चीचा पाय मोडला. मग लाथा. तुझ्या जावेनं त्याला मागून कवेत धरलं, दोघं माझ्यावरच कोसळले. बायका किंचाळत होत्या. मी उठून बसले तेव्हा डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि तो माझ्यासमोर गुडघ्यांवर, धापा टाकत, अगदी तुझ्यासारखा.

"तिले इचारलं काहून नाई?"

"ती नाही म्हणाली असती म्हणून."

"मंग नाईच होतं ना तिचं," तो म्हणाला, आणि हातानं माती कुस्करत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "तेरवीले येऊ नोका. आश्रमातलं कोनी आलं तं येऊ द्या. तुमी नोका."

माझी पिशवी त्यानं तारेच्या कुंपणापलीकडे भिरकावली. परतताना काळीपिवळी जीपमध्ये माझ्या शेजारी बसायला कुणी तयार होईना, तोंडावर इतकं रक्त होतं.

उद्या तुझी तेरवी. सगळे जातील, आबाजींनाही गजू उचलून नेणार आहे. मी नाही. डोळ्यावरची सूज उतरते आहे, आणि त्या पोराविरुद्ध माझी काही तक्रार नाही, हे अध्यक्षांना लेखी दिलं आहे. तेही आता मला कामावर ठेवायचं की नाही ते ठरवतील, ठरवू देत. तुला एवढंच सांगायचं होतं, की तुला लस मिळावी असं मला वाटत होतं तर मी तुझ्याशी भांडत राहायला हवं होतं. महिना, दोन महिने, वर्षभर. तू भांडायला कधी कंटाळली नसतीस. मी कंटाळले. माझं चुकलं, सुमी. हे तू असताना एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

आणि प्रफुलला मी जे उत्तर दिलं, तेही खोटंच होतं. तू नाही म्हणाली असतीस म्हणून मी विचारलं नाही, असं नव्हतंच. त्या गाद्यांच्या खोलीत, गाल धरून, तू नाही म्हणाली होतीस. मी ते ऐकलं होतं.